पहिल्या लाभार्थ्याची खुर्ची

कर्करोगावरचं सगळ्यात प्रभावी औषध म्हणजे वेळ.

हे वाक्य माझं आहे. काळ्या ग्रॅनाइटच्या कोनशिलेवर ते सोनेरी अक्षरांत कोरलेलं होतं. त्याखाली मंत्रिमहोदयांचं नाव, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचं, मग आमच्या सिव्हिल सर्जनचं आणि सगळ्यात खाली ‘दिनांक’ हा शब्द. दिनांकापुढे वीतभर जागा कोरी होती. तारीख पक्की व्हायची होती.

“धानोरकर, वाक्य झकास आहे,” सिव्हिल सर्जन डॉ. कुलथे दोन पावलं मागं जात म्हणाले, “पण दगड डावीकडं उतरल्यासारखा वाटतोय.”

“दगड सरळ आहे सर. भिंत वाकडी आहे.”

“मग दगड थोडा वाकडा करून घ्या.”

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा त्या जिल्हा रुग्णालयात माध्यम अधिकारी होतो. म्हणजे भाषणं लिहायची, बातम्या द्यायच्या, फलकांवरचं शुद्धलेखन तपासायचं आणि कार्यक्रम असेल तेव्हा माइक हातात घेऊन ‘मी त्यांना विनंती करतो’ असं म्हणायचं. कॅन्सरच्या रुग्णाला दर तीन आठवड्यांनी मोठं शहर गाठायला लागू नये, उपचार घराजवळ मिळावेत, असा देशपातळीवरचा आराखडा आला होता. चौऱ्याऐंशी पानांचा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एक खोली, सहा आरामखुर्च्या, औषधांचा फ्रीज आणि केमोथेरपी द्यायला शिकलेली परिचारिका. रुग्णानं सकाळी यायचं, खुर्चीत बसून सलाईनमधून औषध घ्यायचं, संध्याकाळी घरी जायचं. आराखडा चांगला होता. हे मी उपरोधानं म्हणत नाहीये. आमच्या रुग्णालयात तो पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनच माणसांनी वाचला होता. एक मी, कारण मला त्याच्यावर भाषण लिहायचं होतं. दुसऱ्या मार्था साळवे सिस्टर, कारण त्यांना तो राबवायचा होता.

साळवे सिस्टर शहरातल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयात सहा आठवडे शिकून आल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्म्याची दोरी गळ्यात. दगड वाकडा करण्याचं काम चाललं होतं तेव्हाच त्या हातात फाइल घेऊन आल्या.

“सर, निर्मला वाघचौरे. तांबरवाडीच्या. ब्रेस्टचं ऑपरेशन झालंय, सहातले तीन डोस शहरात झालेत. चौथा आपल्याकडं. सहा जानेवारीला ड्यू आहे.”

“उत्तम. नऊला उद्घाटन आहे. नऊला देऊ.”

“सहाला ड्यू आहे सर.”

“सिस्टर, तीन दिवसांनी काय होतंय? कार्यक्रमाच्या रूपरेषेत पहिला लाभार्थी आहे. सहाला औषध दिलंत तर नऊला ती पहिली कशी राहील?”

“दुसऱ्यांदा पहिली राहील.”

डॉ. कुलथेंनी माझ्याकडं पाहिलं. मी दगडाकडं पाहिलं.

“नाहीतर हा डोस शहरातच घेऊ दे,” सिस्टर म्हणाल्या. “मी बोलून ठेवलंय तिथं. आज रात्रीच्या बसनं बसली तर उद्या मिळेल.”

“वा! उपचार घराजवळ म्हणून योजना, आणि पहिलाच पेशंट आपण परत पाठवायचा? पेपरवाले काय लिहितील?”

“मी देतो तेच लिहितात, सर,” मी म्हणालो. हे मी विनोद म्हणून बोललो होतो.

“मग तुम्हीच तिला समजावून सांगा. तुमचं बोलणं बायकांना पटतं.”

खोलीच्या दाराला लाल रिबीन बांधली होती. रिबिनीच्या मागं कुलूप होतं. कुलपाची किल्ली डॉ. कुलथेंच्या टेबलाच्या खणात होती, आणि कुलपाच्या मागं फ्रीजमध्ये निर्मला वाघचौरेंचं औषध होतं.

सहा तारखेला सकाळी साडेनऊला त्या व्हरांड्यात बसलेल्या मला दिसल्या. पंचेचाळिशीच्या. डोक्याला घट्ट रुमाल, भुवया नसल्यामुळं चेहरा सतत आश्चर्य वाटल्यासारखा. तांबरवाडीच्या शाळेत दोनशे पोरांची खिचडी शिजवायचं काम करायच्या, त्यामुळं मनगटं पैलवानासारखी. शेजारी त्यांची थोरली जाऊ पद्मिनबाई, मांडीवर पिशवी. पिशवीत भाकरी आणि सगळे रिपोर्ट एकाच फडक्यात बांधलेले.

मी माझी ओळख करून दिली.

“डॉक्टर का?” पद्मिनबाईंनी विचारलं.

“नाही, मी माध्यम अधिकारी.”

“गळ्यात कार्ड तर हाये.”

“कार्ड सगळ्यांनाच असतं, मावशी.”

“आम्हाला न्हाई.”

मी निर्मलाबाईंकडं वळलो आणि माझ्या त्या सुप्रसिद्ध आवाजात सगळं सांगितलं. नवी खोली, नव्या खुर्च्या, स्वतः मंत्री येणार. जिल्ह्यातला पहिला रुग्ण म्हणून त्यांचा मान. शाल, श्रीफळ. पेपरात फोटो. फक्त तीन दिवस थांबायचं.

निर्मलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, एकवीस म्हंजी एकवीस. बावीसावा दिस करायचा न्हाई. चालंल का पर?”

हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता. मी मराठी वाङ्मयाचा पदवीधर आहे.

“तीन दिवसांनी काय होतंय?” मी म्हणालो.

“खरं म्हन्ता?”

“अहो, नसतं चालत तर मी सांगितलं असतं का?”

त्यांचा चेहरा सैल झाला. भुवया नसलेल्या चेहऱ्यावरही ते कळतं.

“मंग ऱ्हाऊ. तिकडं जायाचं म्हंजी लई हाल होतेत. बसमदी वकारी येती, मानसं शिव्या देतेत.” मग जावेकडं वळून, “अक्का, शाल मिळनार म्हन्तेत.”

“तुला शाल, मला काय?” पद्मिनबाई म्हणाल्या. “मी तीन डाव शहरात फरशीवर झोपले. माझं नाव घाला म्हनावं दगडावर.”

“साडी जरा गडद रंगाची नेसा नऊला,” मी जाता जाता सांगितलं. “फिकी साडी फोटोत उठत नाही.”

हे वाक्यही माझंच आहे. ते कुठं कोरलेलं नाही.

नऊ तारखेला त्या जांभळी साडी नेसून सकाळी आठला हजर झाल्या. एस.टी.नं दोन तास. सिस्टरांनी आदल्या दिवशी गावातल्या उपकेंद्रातून त्यांचं रक्त मागवून तपासलं होतं, ते ठीक होतं. आम्ही रंगीत तालीम घेतली. त्यासाठी रिबीन एका बाजूनं सोडून डॉ. कुलथेंनी कुलूप काढलं. निर्मलाबाईंना तिसऱ्या खुर्चीत बसवलं, कारण उजेड तिच्यावर चांगला पडत होता. मी रूपरेषा वाचू लागलो.

“एक, आगमन. दोन, दीपप्रज्वलन. तीन, कोनशिला अनावरण. चार, फीत कापणे. पाच, पाहणी. सहा, मान्यवरांच्या हस्ते पहिल्या लाभार्थ्यास प्रदान व छायाचित्र.”

“काय प्रदान?” डॉ. कुलथेंनी विचारलं.

मी कागद पुन्हा पाहिला. तिथं तेवढंच होतं. “प्रदान व छायाचित्र.”

“पण प्रदान काय करायचं? सलाईन हातात द्यायची?”

“औषध द्या,” सिस्टर म्हणाल्या. “त्याच्यासाठीच आलीये ती.”

“ते दोन तास चालतं सिस्टर. मंत्री काय दोन तास धरून उभे राहणार?”

शेवटी मंत्र्यांनी फक्त सलाईनच्या स्टँडला हात लावायचा असं ठरलं. नळीत त्या वेळी नुसतं मिठाचं पाणी सोडायचं, खरं औषध नंतर. निर्मलाबाई खुर्चीत बसून हे ऐकत होत्या. खुर्चीचा खटका दाबला की पाय वर येतात हे कळल्यावर त्यांनी तो दोनदा दाबून पाहिला आणि जावेकडं बघून हसल्या.

साडेअकराला निरोप आला. मंत्रिमहोदयांना राजधानीत तातडीची बैठक लागली होती. पुढची तारीख सतरा.

“मग आता देऊन टाकते,” सिस्टर म्हणाल्या. “रक्त चांगलंय, पेशंट उपाशी नाही, ऑर्डरवर तेवढी सही करा.”

“सिस्टर, आठ दिवसांवर आलंय. आता इतके दिवस थांबलोच आहोत.”

डॉ. कुलथे दुष्ट नव्हते. त्यांचा आवाज उंच व्हायचा नाही. ते सर्जन चांगले होते असं जुने लोक सांगत. पण दहा वर्षं त्यांनी हातात कात्री घेतली होती ती फक्त ताटातली, पाहुण्यांच्या हातात द्यायला. डॉक्टरच्या लेखी ऑर्डरशिवाय परिचारिकेला ते औषध टोचता येत नव्हतं, आणि खोलीतला दुसरा डॉक्टर उद्घाटनानंतर रुजू व्हायचा होता.

मग मी व्हरांड्यात गेलो आणि निर्मलाबाईंना सांगितलं, आठ दिवस.

“काय होत न्हाई ना?”

“काही होत नाही.”

सतराला मंत्रिमहोदय जिल्ह्यात आले. रुग्णालयाच्या फाटकापासून दीडशे पावलांवर त्यांची गाडी वळली, कारण पक्षाच्या एका कार्यकर्त्याच्या घरी साखरपुडा होता आणि मुहूर्त टळत होता. जांभळी साडी चार वाजेपर्यंत तिसऱ्या खुर्चीत बसून होती. पद्मिनबाईंनी व्हरांड्यात भाकरी सोडली आणि मलाही अर्धी दिली.

“खा. तुम्ही बी सकाळपासून उपाशीच दिसता. तुमचे मंत्री जेवले आसतील.”

“मावशी, माझ्या हातात काही नाही.”

“माइक हाये की.”

त्या संध्याकाळी सिस्टरांनी डॉ. कुलथेंना लेखी पत्र दिलं. पहिलं. सव्वीसला झेंडावंदनानंतर उद्घाटन होतं. तेही नाही झालं, तेव्हा दुसरं दिलं. मी त्यांना म्हणालो, “सिस्टर, पत्रांनी काय होणार?”

“काही होणार नाही. पण कुणीतरी विचारलं तर तारीख माझ्याकडं असेल. तुमच्या दगडावर नाहीये.”

“मी काय करू, सांगा ना.”

“काही करू नका. तेच चांगलं करता तुम्ही.” चष्मा काढून त्यांनी पुसला. “औषध आहे. फ्रीज चालू आहे. द्यायला मी आहे. पेशंट साडी नेसून चार वेळा आली. काय नाहीये, धानोरकर?”

“रिबीन कापायला माणूस.”

“कात्री माझ्या खिशात असते. तेवीस वर्षं.”

सव्वीस जानेवारीनंतर चारच दिवसांनी निवडणुकीची आचारसंहिता लागली. आता महिना दीड महिना कुणालाच कशाचंच उद्घाटन करता येणार नव्हतं. कोनशिलेला नियमाप्रमाणं कागद चिकटवून झाकलं. माझं वाक्य दिसेनासं झालं. आणि मंत्र्यांचं येणं आता शक्यच नाही म्हटल्यावर डॉ. कुलथे एकदम मोकळे झाले. सिस्टरांनी तिसरं पत्र समोर ठेवलं, त्यांनी ऑर्डरवर सही केली आणि खणातली किल्ली काढून दिली.

“द्या. मागच्या दारानं न्या. फोटो वगैरे काढू नका.”

फेब्रुवारीची तीन तारीख होती. चौथा डोस अठ्ठावीस दिवस उशिरा का होईना, मिळणार होता.

निर्मलाबाईंचा फोन लागेना. मी आणि सिस्टर रुग्णालयाची जीप घेऊन तांबरवाडीला गेलो.

त्या शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. भल्या थोरल्या पातेल्यात खिचडी रटरटत होती आणि त्या दोन्ही हातांनी उलथनं फिरवत होत्या. डोक्याला रुमाल नव्हता. डोक्यावर नखभर नवे केस आले होते, काळेभोर, मऊ. भुवया उगवल्या होत्या. पद्मिनबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्या नाहीत.

“आले. साडी कोन्ती नेसायची, इचार गं.”

“कसलीही चालेल,” सिस्टर म्हणाल्या. “आहे तशी चल. खोली उघडलीये. आज औषध देते तुला. संध्याकाळी घरी आणून सोडते.”

निर्मलाबाईंनी उलथनं पातेल्याच्या कडेला ठोकलं. “सिस्टर, बसा. खिचडी झाली. पोरांच्या आदी तुम्हाला वाढते.”

“निर्मला, चल.”

“आता कशाला?”

“अगं, तीन डोस राहिलेत.”

“पर मी बरी झाले.” त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलीसारखा. “केस बघा. जेवन जातंय. वकारी न्हाई. मी दोन आठवडे झाले, कामावर हाये.”

“औषध थांबलंय म्हणून केस आलेत. आजार गेलाय म्हणून नाही.”

“आसं कसं?” निर्मलाबाई माझ्याकडं वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची कृतज्ञता होती. तो चेहरा मला अजून दिसतो, आणि तेव्हा कुणाला तरी मारावंसं वाटतं. “सायेब म्हन्ले, तीन दिसांनी काय होतंय. काय न्हाई झालं. मंग आठ दिस म्हन्ले. काय न्हाई झालं. मंग महिना झाला. सायेबांचं खरं निघालं.”

“निर्मलाबाई, मी डॉक्टर नाही.”

“त्या दिशी व्हते की,” दारातून पद्मिनबाई म्हणाल्या.

सिस्टर खाली बसल्या. चुलीजवळ, फरशीवर. त्यांनी निर्मलाबाईंचा हात धरला आणि सगळं समजावलं. एखादा कण कुठंतरी राहिलेला असतो, तो दिसत नाही, तो मारायला सहा डोस लागतात, मध्येच सोडलं तर तो पुन्हा उठतो. सिस्टर छान समजावायच्या. माझ्या सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा छान.

निर्मलाबाईंनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, “सिस्टर, रागावू नका. एक इचारू? मी चार डाव आले. औषध तिथंच व्हतं. तुम्ही व्हत्या. आन दाराला कुलूप. औषध येवढं गरजेचं आसतं, तर कुनी कुलूप लावलं आसतं का?”

चुलीतलं एक लाकूड सिस्टरांनी मागं ओढलं.

“मोठी मानसं हायेत तिथं,” निर्मलाबाई पुढं म्हणाल्या. “शिकल्याली. मरू दिलं आसतं व्हय मला, एका रिबिनीपायी?”

“मी म्हन्ते जा,” पद्मिनबाई मधेच कडाडल्या. “मी रोज म्हन्ते. हिचा मालक म्हन्तो जा. ही ऐकती व्हय? म्हन्ती, मोठ्या सायबानं सांगितलंय काय होत न्हाई.” तांदळाचं ताट त्यांनी खाली आपटलं. “कोन मोठा सायेब, म्हनलं. तर म्हन्ती, त्यो माइकवाला.”

आम्ही दीड तास बसलो. मी हात जोडले. मी म्हणालो, मी खोटं बोललो होतो. त्यावर निर्मलाबाई म्हणाल्या, “तुम्ही लई मनाला लावून घेता सायेब,” आणि मला खिचडी वाढली. मी खाल्ली. चांगली होती.

परत येताना सिस्टर जीपमध्ये पुढं बसल्या होत्या आणि एकदाही मागं वळल्या नाहीत. मी रागानं पेटलो होतो. मला कुणाचा तरी गळा धरायचा होता, आणि कुणाचा ते मला पक्कं ठाऊक होतं. मी सरळ डॉ. कुलथेंच्या खोलीत गेलो.

“ती येत नाही म्हणते सर.”

“अरेरे. का?”

“कारण आपण तिला महिनाभर शोभेसाठी थांबवलं. मंत्री येतील तेव्हा येतील. तिला सहाला औषध द्यायला काय हरकत होती? पहिला लाभार्थी कशाला लागत होता तुम्हाला?”

“मला?” डॉ. कुलथे खरोखर चकित झाले. “मला कुठं लागत होता? रूपरेषेत होता. मला वाटलं वरून आलंय.”

“वरून काही आलेलं नाही. आराखडा मी वाचलाय. चौऱ्याऐंशी पानांत ‘पहिला लाभार्थी’ कुठंही नाही.”

“मग रूपरेषेत कुणी घातला?”

“बघून सांगतो,” मी म्हणालो.

माझ्या खोलीत जाऊन मी संगणक लावला. रूपरेषा मी डिसेंबरात एका दुपारी वीस मिनिटांत केली होती. नवी कोण करतं? जुनी उघडायची, शीर्षक बदलायचं, तारीख बदलायची, नावं बदलायची. आमच्या सगळ्या कार्यक्रमांच्या रूपरेषा अशाच एकमेकींच्या पोटातून आलेल्या असत. मी मूळ फाइल उघडली. दोन वर्षांपूर्वीची. मी तेव्हा महिला व बालकल्याण विभागात होतो. गरजू महिलांना शिलाई मशीन वाटप.

सहा : मान्यवरांच्या हस्ते पहिल्या लाभार्थ्यास शिलाई मशीन प्रदान व छायाचित्र.

मी ‘शिलाई मशीन’ हे शब्द जिथं जिथं होते तिथून काढून टाकले होते. उरलेलं ठेवलं होतं.

वरून काही आलं नव्हतं. मंत्र्यांनी काही मागितलं नव्हतं. त्यांना त्या बाईचं नावही ठाऊक नव्हतं. डॉ. कुलथेंना वाटलं वरून आलंय, मला वाटलं डॉ. कुलथेंना हवंय, आणि दोघांनी मिळून एका जिवंत बाईला शिलाई मशीनच्या जागी बसवलं होतं.

हे मी डॉ. कुलथेंना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “हे लेखी कुठं देऊ नका.”

साळवे सिस्टरांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला वाटलंच होतं. ते ‘प्रदान’ वाचलं तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“तीन पत्रं दिली. तुम्ही एक तरी वाचलंत?”

फेब्रुवारीपासून खोली चालू झाली. मागच्या दारानं. पुढच्या दाराला रिबीन तशीच होती, लाल रंग उडून गुलाबी झालेली. आठवड्याला दहा-बारा रुग्ण येत, खुर्चीत बसत, घरी जात. आराखडा चांगला होता हे मी आधीच सांगितलंय. निर्मलाबाईंकडं सिस्टर महिन्यातून एकदा सुट्टीच्या दिवशी स्वतःहून जात. जुलैत त्यांना धाप लागायला लागली तेव्हा सिस्टरच त्यांना शहरात घेऊन गेल्या. आजार फुप्फुसात उतरला होता. राहिलेले डोस वेळेत झाले असते तर काय झालं असतं, असं मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, तसं खात्रीनं सांगता येत नाही. मग म्हणाल्या, तुम्ही कोण? मी फोन ठेवला.

गौरी बसल्या त्या दिवशी निर्मलाबाई गेल्या. मी मातीला गेलो होतो. पद्मिनबाईंनी मला पाहिलं आणि शेजारच्या बाईला मोठ्यानं सांगितलं, “ह्ये डॉक्टर न्हाईत. कुनी काय इचारू नका.”

नोव्हेंबरात उद्घाटन झालं.

सरकार बदललं होतं, मंत्री बदलले होते. त्यांनी राजधानीत बसून एक बटण दाबायचं आणि राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांतल्या खोल्या एकाच वेळी सुरू करायच्या, असं ठरलं. प्रत्येक जिल्ह्यानं आपल्या खोलीत कॅमेरा लावायचा आणि समोरच्या सभागृहात मोठा पडदा. त्या दिवशी ज्यांचा डोस होता त्या सात रुग्णांना डॉ. कुलथेंनी दुसऱ्या दिवशी बोलवायला सांगितलं. साळवे सिस्टर म्हणाल्या, “सकाळी सहाला बोलावते, दहाच्या आत उरकते,” आणि त्यांनी तसं केलं. कुणाची परवानगी घेतली नाही. मग नवी रिबीन बांधली.

रूपरेषा मीच केली. या वेळी कोऱ्या कागदावर. सहावा मुद्दा ठेवला.

कॅमेरा लावल्यावर मी तिसऱ्या खुर्चीवर एक पुठ्ठा ठेवला. माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहिलेला. ‘श्रीमती निर्मला वाघचौरे, तांबरवाडी. पहिला लाभार्थी.’ आणि त्या खुर्चीवर कुणालाही बसू द्यायचं नाही असं ठरवलं. राज्यभर दिसेल, मंत्र्यांना दिसेल, कुणीतरी विचारेल, ही बाई कुठं आहे? मग मी माइक हातात घेऊन सांगणार होतो. सगळं. शिलाई मशीनसकट. भाषण पाठ केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी लिहिलेलं.

डॉ. कुलथे खोलीत डोकावले. पुठ्ठा वाचला.

“ह्या आल्या नाहीत का अजून?”

त्यांना नाव आठवत नव्हतं.

“नाही सर.”

“फोन करा त्यांना. अशा वेळी उशीर करतात लोक.”

साळवे सिस्टर फ्रीजपाशी उभ्या होत्या. त्यांनी पुठ्ठा पाहिला, मला पाहिलं आणि तो जरा सरळ करून ठेवला.

साडेअकराला मंत्र्यांनी बटण दाबलं. पडद्यावर एकेका जिल्ह्याचं नाव येऊ लागलं, नावाखाली त्याची खोली. आमचं नाव एकविसावं होतं. मी पडद्याशेजारी उभा राहून माइक चालू केला.

आमचं नाव आलं. नावाखाली एक खोली दिसली. फिकट हिरव्या भिंती, निळ्या खुर्च्या. एका खुर्चीत एक बाई बसून हात हलवत होती. मंत्र्यांनीही हात हलवला. सभागृहात टाळ्या झाल्या. नऊ सेकंदांनी पुढच्या जिल्ह्याचं नाव आलं.

आमच्या खोलीच्या भिंती पांढऱ्या होत्या.